गालावरचे ठिपके

दहापट भिंगाखाली गाल उरत नाही. मासिकाच्या मुखपृष्ठावर हातभर अंतरावरून जी गुलाबी, टवटवीत त्वचा दिसते, तिथे भिंग टेकवलं की नुसते ठिपके असतात. निळे, लाल, पिवळे, मधूनच काळे. कुठे एकमेकांना खेटलेले, कुठे एकमेकांवर चढलेले. लाल ठिपका गालाच्या उंचवट्यावर मोठा आणि कपाळाकडे जाताना बारीक होत गेलेला. पिवळा जवळजवळ सगळीकडे सारखाच. निळा हनुवटीखालच्या सावलीत एकदम दाट. ओठांचं हसू, डोळ्यांतली चमक, कानातला मोती, सगळं त्या ठिपक्यांच्या लहानमोठेपणातून उभं राहिलेलं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जो प्रश्न पडला तो अजून माझी पाठ सोडत नाही. मला नीट करायचंय ते नक्की काय? ही मुलगी, की हे ठिपके?

मी या कामात नवी आहे. न्यू जर्सीत आम्ही राहतो त्या गावात चित्रांना फ्रेम करून देणारं एक जुनं दुकान आहे. मागच्या खोलीत मोठा स्कॅनर आणि त्याहून मोठा प्रिंटर. नोकरी संपल्यावर मी तिथे शिकायला जाऊ लागले. मालक सत्तरीच्या पुढचे, उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात काढलेले. त्यांच्याकडे जुन्या अमेरिकन मासिकांचे गठ्ठे आहेत. त्यांतली ‘पिनअप’, म्हणजे भिंतीला टाचून ठेवायची मोहक मुलींची, चित्रं स्वच्छ करून, उत्तम सुती कागदावर छापून विकणं हा त्यांच्या धंद्याचा एक भाग. मला फुलांची, पक्ष्यांची जुनी चित्रं करायला मिळतील अशा समजुतीने मी गेले होते. पहिल्याच दिवशी हातात आली ती ‘फिल्म फन’ मासिकाच्या मुखपृष्ठावरची, तोकड्या कपड्यांतली, बेफिकीर हसणारी पोरगी.

या चित्रांचं जग मला अजिबात ठाऊक नव्हतं. ‘एस्क्वायर’ मासिक 1933 मध्ये निघालं आणि सुरुवातीपासून जॉर्ज पेटी यांची चित्रं त्यात येऊ लागली. लांब पायांची, फटकळ, बहुतेकदा टेलिफोनवर बोलत असलेली मुलगी. 1940 मध्ये त्याच मासिकात अल्बर्टो वर्गास आले. ते मूळचे पेरू देशातल्या आरेकिपा गावचे, जलरंग आणि एअरब्रश हे त्यांचं साधन. मासिकाने त्यांच्या नावातला शेवटचा ‘स’ गाळून चित्रं ‘वर्गा’ नावाने छापली. पुढे दोघांचं बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा ते नाव मासिकाकडेच राहिलं. ज्या सहीने माणूस जगाला माहीत झाला ती सही त्याला स्वतःच्या चित्राखाली करता येईना. हे वाचून मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या महायुद्धात ही चित्रं सैनिकांच्या बराकींत पोचली, विमानांवरही पोचली. ‘मेम्फिस बेल’ या प्रसिद्ध बी-17 बाँबर विमानाच्या नाकाडावरची मुलगी पेटी यांच्या ‘एस्क्वायर’मधल्या चित्रावरूनच रंगवलेली होती. त्याच काळात, 1943 मध्ये, अमेरिकेच्या पोस्टखात्याने अश्लीलतेचं कारण देऊन या मासिकाची टपालदरातली सवलत काढून घेतली. मासिकाने खटला लढवला आणि 1946 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला.

दुसरा प्रवाह कॅलेंडरांचा. मिनेसोटातल्या सेंट पॉल गावची ब्राउन अँड बिगलो ही कंपनी कॅलेंडरं छापायची आणि आपल्याकडे किराणा दुकानदार गिऱ्हाइकांना वाटतात तशी गॅरेजवाले, हार्डवेअरवाले ती आपलं नाव घालून वाटायचे. त्याच गावात जन्मलेले गिल एल्व्हग्रेन या कंपनीचे बिनीचे चित्रकार. ते कॅनव्हासवर तैलरंगात चित्र काढत. म्हणजे निदान तिथे मूळ चित्र शोधता तरी येतं. वर्गास यांचीही अनेक मूळ चित्रं कॅन्सस विद्यापीठाच्या स्पेन्सर संग्रहालयात सुरक्षित आहेत. माझ्या टेबलावरच्या मुखपृष्ठाचं तसं नव्हतं. त्याचं मूळ चित्र कुठे आहे याचा आमच्याकडे काहीच माग नव्हता. हातात होता तो छापील कागद.

चित्रकार होते इनॉक बोल्स. 1920 च्या दशकापासून 1940 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ‘फिल्म फन’चं मुखपृष्ठ म्हणजे बोल्स, असं समीकरणच होतं. बोल्स याच न्यू जर्सीचे रहिवासी. मन आजारी पडल्यावर त्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं इथल्याच मॉरिस काउंटीतल्या ग्रेस्टोन पार्क मनोरुग्णालयात काढली. गायक वुडी गथ्री हेही पुढे तिथे रुग्ण होते. रुग्णालयाची ती प्रचंड दगडी इमारत 2015 मध्ये पाडली गेली. त्या बाजूने गाडी जाते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बोल्सच्या पोरी येतात. इतका आनंद, इतका खट्याळपणा, इतकी ऊर्जा ज्या हाताने रंगवली, त्या हाताच्या माणसाच्या वाट्याला तसं आयुष्य आलं. त्यांच्या चित्रावर काम करताना हे विसरता येत नाही.

बाई म्हणून मला या कामात अवघडल्यासारखं झालं का? झालं. पुरुषांनी पुरुषांसाठी काढलेली चित्रं आहेत, त्यात शंका नाही. मग झोई मोझर्ट यांच्याबद्दल वाचलं. त्या याच धंद्यातल्या नामवंत चित्रकार आणि आरशात पाहून स्वतःच स्वतःची मॉडेल होणाऱ्या. जॉइस बॅलंटाइन, पर्ल फ्रश अशा आणखीही बायका या क्षेत्रात होत्या. त्यांची चित्रं पाहताना पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातली सरळ रेघ माझ्यापुरती वाकली. बोल्सच्या मुलींबद्दल माझं मत आता पक्कं आहे. त्या कुणाची वाट पाहत बसलेल्या नाहीत, त्यांचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं. काही पेटी-मुली मात्र मला आजही आवडत नाहीत.

आता काम.

पहिली गोष्ट टाचणी, म्हणजे अंकाच्या पाठीतली लोखंडी स्टेपल. शंभरेक वर्षांत ती गंजते आणि गंज कागदात उतरतो. ती ओढून काढली तर भोकाभोवतीचा कागद तुकडा होऊन हातात येतो. मालकांनी शिकवलं तसं आधी पातळ पात्याने आतल्या बाजूने तिचे पाय सरळ करायचे, मग बाहेरून कणाकणाने उचलायचं. मासिकाची आतली पानं लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदाची असतात. त्यातल्या लिग्निनमुळे ती पिवळी, मग तपकिरी होतात आणि घडीवर मोडतात. मुखपृष्ठाचा कागद बरा, गुळगुळीत मुलामा दिलेला, पण शेजारच्या पानांचं आम्ल त्यालाही लागलेलं असतंच.

स्कॅनरवर ठेवताना कागदाच्या पाठीशी काळा पुठ्ठा ठेवायचा, हे मला कुणी सांगितलं नसतं तर कधीच सुचलं नसतं. पांढऱ्या झाकणाखाली स्कॅन केलं की मागच्या पानावरची जाहिरात कागदातून आरपार दिसते आणि मुलीच्या खांद्यावर टूथपेस्टची उलटी अक्षरं उमटतात. काळं ठेवलं की सगळं चित्र किंचित गडद येतं, पण ते सारखं गडद असतं आणि नंतर सावरता येतं. स्कॅनरच्या प्रोग्रॅममधल्या ‘आपोआप’ करणाऱ्या सगळ्या सोयी बंद ठेवायच्या. आपोआप रंग नको, आपोआप धार नको, आपोआप ठिपके पुसणं तर मुळीच नको. चित्राशेजारी मोजलेल्या रंगांची पट्टी ठेवायची. इंचाला 1200 बिंदू आणि प्रत्येक रंगाला 16 बिट घेतले की एका मुखपृष्ठाची फाइल 800 मेगाबाइटच्या पुढे जाते. एवढं कशाला, हा प्रश्न मला पडला, आणि त्याचं उत्तर पुन्हा त्या ठिपक्यांपाशी घेऊन आलं.

आमच्या मुखपृष्ठावर इंचाला 133 ओळींची जाळी आहे. 1200 बिंदूंच्या स्कॅनमध्ये एकेका छापील ठिपक्याच्या वाट्याला दोन्ही दिशांना साधारण नऊ-नऊ बिंदू येतात, म्हणून ठिपका ठिपक्यासारखा दिसतो. 300 ने स्कॅन केलं तर जेमतेम दोन येतात. मग स्कॅनरची जाळी आणि छपाईची जाळी एकमेकींशी भांडतात आणि चित्रावर लाटा, चौकटी, कापडावर पाणी सांडल्यागत नक्षी उमटते. छापखान्यात या नक्षीला ‘मॉइरे’ म्हणतात. तीच टाळण्यासाठी जुन्या लोकांनी चार रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत फिरवल्या. काळा 45 अंशांवर, दुसरे दोन ठळक रंग त्याच्यापासून 30-30 अंशांनी दूर, आणि पिवळा, जो डोळ्याला सर्वांत कमी जाणवतो, तो मध्ये 15 अंशांच्या फटीत. कोन बरोबर बसले की भिंगाखाली ठिपक्यांची लहान लहान फुलं दिसतात. मी ती फुलं किती वेळ पाहत बसले होते ते आठवून मला आजही आनंद होतो.

ठिपक्यांबद्दल मला खरी मदत झाली ती गिरगावातून. माझा मामा मुंबईत छापखान्यात होता, ऑफसेट येण्याआधीच्या, ब्लॉकच्या काळात. मी त्याला भिंगातून काढलेला फोटो पाठवला आणि विचारलं, “मामा, प्रत्येक ठिपक्याच्या कडेला ही गडद रिंग कसली? स्कॅनर बिघडलाय का?”

मामाचा लगेच फोन. “अगं, स्कॅनरला कशाला नावं ठेवतेस? हा ब्लॉकचा जॉब आहे. उठावाचा ठिपका कागदावर दाबला की शाई कडेला सरकते, तिथे ती जाड बसते. ऑफसेटला असं दिसायचं नाही. आणि ओठ बघ. लाल बाहेर गेलाय. रजिस्टर हललंय तुझ्या पोरीचं.”

खरंच, ओठांचा लाल रंग रेघेच्या बाहेर उजवीकडे गेला होता, केसांच्या कडेलाही तीच लाल झाक होती. चार रंग चार वेळा छापायचे, प्रत्येक वेळी कागद त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला की चित्र असं दुहेरी होतं. मामा म्हणाला, “आमच्याकडे असा फरमा आला असता तर मी मशीनमनला मशीन थांबवायला लावली असती. पण तू ते सरळ करू नकोस. हा त्या दिवशीचा छाप आहे.”

दुकानाच्या मालकांचं मत नेमकं उलट. ते म्हणाले, “चित्रकाराने ओठ असे काढले नव्हते. मशीनने बिघडवलं ते आपण नीट करायचं.”

आयुष्यभर छापखान्यात राबलेली दोन माणसं, एक गिरगावातलं, एक न्यू जर्सीतलं, आणि एकाच ओठावरून दोन दिशांना तोंडं. मी मध्ये. मी प्रयत्न करून पाहिला. वाटलं होतं की लाल रंगाचा थर वेगळा काढून डावीकडे सरकवला की झालं. पण स्कॅनमध्ये ते चार थर राहिलेलेच नसतात. शाई शाईवर बसलेली, खाली पिवळा पडलेला कागद, आणि स्कॅनर हे सगळं लाल-हिरवा-निळा अशा प्रकाशाच्या तीन मापांत घेतो. संगणकाला पुन्हा चार शाया करायला सांगितल्या तर तो करून देतो, पण त्या त्याच्या शाया. मूळ ब्लॉकच्या नव्हेत. लाल सरकवला की त्याच्याबरोबर गालाची सावलीही सरकते. म्हणजे जे ‘नीट’ करायचं ते हातानेच, ओठाची कड नव्याने रंगवून. ती रेघ मग बोल्सची की माझी?

तीच गोष्ट ठिपके काढण्याची. सोपा मार्ग म्हणजे सगळं चित्र किंचित धूसर करायचं, मग धार वाढवायची. ठिपके जातात, त्यांच्याबरोबर पापण्याही जातात. दुसरा मार्ग मला जादूसारखा वाटला. फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या पद्धतीने संगणक अख्ख्या चित्राचं रूपांतर त्यातल्या पुनरावृत्तींच्या नकाशात करतो. मुलगी नाहीशी होते आणि काळ्या पडद्यावर मधोमध एक उजळ ढग आणि त्याच्याभोवती ठरावीक अंतरांवर चांदण्या दिसतात. त्या चांदण्या म्हणजे जाळ्या, एकेका रंगाच्या, आपापल्या कोनात. चांदणीवर काळा ठिपका ठेवून ती झाकायची आणि चित्र उलट फिरवून परत आणायचं. ठिपके गेलेले असतात आणि पापण्या बऱ्याचशा जागेवर असतात. बऱ्याचशा, कारण जाळीइतकं बारीक जे जे काही चित्रात असतं, सहीचा शेवटचा फराटा, केसांची एखादी बट, त्याचा काही भाग त्याच चांदण्यांजवळ राहतो आणि झाकला जातो.

मी दोन्ही प्रकारे करून शेजारी शेजारी लावलं. ठिपके काढलेली मुलगी देखणी होती, गुळगुळीत होती, आणि ती केव्हाची आहे हे सांगता येत नव्हतं. कालची असू शकली असती. तिथे माझं मन ठिपक्यांच्या बाजूने झुकलं आणि अजून तिथेच आहे. मूळ चित्र हाताशी नसताना ठिपके पुसून आपण चित्रकाराच्या कुंचल्याकडे जात नाही, एका तिसऱ्याच गोष्टीकडे जातो, जी कधी अस्तित्वात नव्हती. माझ्या टेबलावर जे खरंखुरं आहे ते छापलेलं पान. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी फलाटावरच्या स्टॉलवरून नाणी टाकून घेतलं ते हेच. मालकांना हे पटत नाही. भिंतीवर लावणाऱ्याला मोठं चित्र हवं असतं, आणि मूळच्या दुप्पट आकारात छापलं की ठिपकेही दुप्पट होतात, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे. म्हणून मोठ्या आकाराच्या प्रती ते त्यांच्या पद्धतीने करतात, मूळ आकाराच्या मी माझ्या.

याहून वेगळी, आणि मला मनापासून घाबरवणारी, एक वाट आता सगळ्यांना उपलब्ध आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र स्वतःच चेहरा ‘भरून’ देतं. एका ग्राहकाने असा तयार करून आणलेला नमुना मी पाहिला. बोल्सनी दोन-तीन फटकाऱ्यांत उभं केलेलं तोंड उघडून यंत्राने आत एकेक दात वेगळा बसवला होता. त्वचेवर रंध्रं आली होती. डोळे आजच्या जाहिरातींतल्या बाईचे झाले होते. हसू गेलं होतं. असं चित्र जुन्या चित्रकाराच्या नावाखाली विकणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे, असं मला वाटतं, आणि या बाबतीत मालक आणि मी पूर्ण एकमताचे आहोत.

ठिपके ठेवायचे ठरवलं की डाग काढणं कितीतरी अवघड होतं. गुळगुळीत चित्रावरचा चहाच्या कपाचा गोल डाग शेजारचा रंग उचलून झाकता येतो. ठिपक्यांवर तसं केलं तर शिवण दिसते. उचललेला तुकडा त्याच छटेचा तर हवाच, शिवाय तो जाळीच्या पूर्ण पावलांनी सरकवायला हवा, म्हणजे ठिपक्यावर ठिपका आणि फुलावर फूल बसेल. अर्ध्या पावलाची चूक डोळ्याला लगेच खुपते. दंडावरची एक घडी भरायला माझे कित्येक तास जातात. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या थरावर करायची, म्हणजे खालचा स्कॅन जसाच्या तसा राहतो. वितरकाचा तारखेचा जांभळा शिक्का मी काढत नाही. तो त्या अंकाच्या प्रवासाचा भाग आहे. चहाचा डाग काढते. यात तर्क आहे की नुसती आवड, हे मला अजून सांगता येत नाही.

रंगांचं तर विचारूच नका. लाल आणि पिवळ्या शाया प्रकाशाने लवकर उडतात, निळा आणि काळा तग धरतात, म्हणून उन्हात राहिलेलं मुखपृष्ठ निळसर दिसतं. त्यावर कागदाचा पिवळेपणा चढतो आणि निळसरपणा झाकून टाकतो. दोन बिघाड मिळून डोळ्याला ‘ठीक’ वाटतं! मालकांनी एक जागा दाखवली. पाठीच्या घडीत, स्टेपलच्या आत, जिथे उजेड कधी पोचलाच नाही, तिथे अर्धा सेंटीमीटर रुंदीची पट्टी असते. तिथला लाल पाहून मी थक्क झाले. इतका तेजस्वी! त्या पट्टीला प्रमाण मानून बाकीचे रंग हळूहळू वर आणायचे. कागद मात्र पांढराफेक करायचा नाही. तो नवा असतानाही मलईकडे झुकलेला होता. मोती आणि दात यांचा पांढरा म्हणजे तिथे शाई नसलेला कागदच. कागद पांढराशुभ्र केला की मोती चमकायचा थांबतो, हे विचित्र वाटेल, पण डोळ्यांनी पाहिलंय.

याच दिवसांत आई डोंबिवलीहून आमच्याकडे आली होती. पडद्यावरचं चित्र पाहून ती ओरडेल अशी मला धास्ती होती. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “अगं, असल्या बायका आमच्या दिवाळी अंकांवर असायच्या. अंगभर साडी नेसून, एवढंच.” मग दीनानाथ दलाल निघाले, रघुवीर मुळगावकर निघाले. दलालांचा ‘दीपावली’ घरात आला की आधी मुखपृष्ठ कोण पाहणार यावरून बहिणींत कशी झोंबाझोंबी व्हायची, मुळगावकरांच्या चित्रांतली त्वचा कशी दुधात न्हालेली असायची. मुळगावकर स्प्रेने काम करत. म्हणजे आरेकिपाचे वर्गास आणि गोव्याचे मुळगावकर एकाच हत्याराने तोच मऊपणा शोधत होते. आणि आपल्याकडचीही ती बरीचशी मुखपृष्ठं याच ब्लॉकांवर, याच ठिपक्यांत छापली गेलेली. आईने विचारलं, “मग दलालांची का नाही करत?”

याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते शिकायला मला छपाईइतकाच वेळ लागला. अमेरिकेत जुनं छापील चित्र प्रकाशनानंतर 95 वर्षांनी सर्वांचं होतं. 1930 मध्ये छापलेलं सगळं 1 जानेवारी 2026 रोजी मोकळं झालं. त्यानंतरच्या, 1963 पर्यंतच्या चित्रांना आणखी एक अट होती. 28 व्या वर्षी हक्काचं नूतनीकरण करावं लागे. ज्यांनी केलं नाही त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली, ज्यांनी केलं त्यांची अजून बंद आहेत. त्यासाठी सरकारी नोंदींचे जाडजूड खंड पाहावे लागतात, अंक अंक तपासावा लागतो. म्हणून आम्ही विक्रीसाठी 1930 आणि त्याआधीचीच मुखपृष्ठं घेतो. भारतात हिशेब वेगळा. तिथे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. दलाल 1971 मध्ये गेले, मुळगावकर 1976 मध्ये. म्हणजे एकाचा हक्क 2031 अखेरपर्यंत, दुसऱ्याचा 2036 अखेरपर्यंत वारसांकडे. तोवर ती चित्रं छापायची तर त्यांना विचारून. आईला हे आवडलं. “बरं झालं, कुणाचं तरी घर त्यावर चालत असेल,” म्हणाली.

आणखी एक गोष्ट मालकांनी आधीच सांगून ठेवली. मी एवढे तास घालून नीट केलेल्या चित्रावर माझा हक्क निर्माण होत नाही. 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात सांगितलं की, मोकळ्या झालेल्या सपाट चित्राची हुबेहूब प्रतिकृती ही नवी निर्मिती नव्हे. उद्या कुणी आमचा प्रिंट स्कॅन करून विकला तर आम्ही त्याला अडवू शकत नाही. हे ऐकून मला उगाच हलकं वाटलं.

छपाईबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे मी अजून फक्त बघते. सुती लगद्याचा, आम्ल नसलेला, शुभ्रता वाढवणारी रसायनं न घातलेला कागद. अशी रसायनं असली तर कागद निळसर पांढरा दिसतो आणि आपण जपलेली मलई मरते. रंगद्रव्यांच्या शाया. आधी अरुंद पट्टीवर नमुना. तो नमुना ठरावीक दिव्याखाली पाहायचा, मग खिडकीपाशी, मग साध्या पिवळ्या बल्बखाली, कारण तेच दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाकतात. खरखरीत कागदावर काळा कधीच तितका काळा येत नाही. केसांची खोली जाते. त्यासाठी सावल्या आधीच किती उघडायच्या, हे मालक आकड्यांनी करत नाहीत, नजरेने करतात, आणि ती नजर मला हवी आहे.

सध्या टेबलावर 1930 सालचं एक मुखपृष्ठ आहे. त्याचंही रजिस्टर हललेलं आहे, या वेळी निळ्याचं, डाव्या खांद्यापाशी. मामाला फोटो पाठवलाय. मूळ आकाराची प्रत मी हललेल्या निळ्यासकट छापणार. प्रत्येक प्रतीच्या पाठीवर पेन्सिलीने आम्ही लिहितो: चित्रकार इनॉक बोल्स, मासिकाचं नाव, महिना, साल, छापील मुखपृष्ठावरून केलेली प्रतिकृती, काढलेले डाग आणि भरलेल्या घड्या कोणत्या. शेवटची ओळ मी आग्रह धरून घालायला लावली. मालकांना ती लांबलचक वाटते, पण आता तेही लिहितात.